सवण्यापासून फिल्टरपर्यंत : कुंडल परिसरातल्या घरांच्या हवेचा इतिहास



कुंडल म्हटलं की व्याख्यानात काय यायचं, हे जवळपास ठरूनच गेलेलं आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, प्रतिसरकार, जी. डी. बापू लाड, तुफान सेना आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ लुटलेली पगाराची गाडी. ते सगळं महत्त्वाचंच आहे. त्यावर पुष्कळ बोललं गेलंय आणि पुढेही बोललं जावं. पण आज आपण याच गावात वेगळ्या वाटेनं शिरणार आहोत. सोपा ओलांडायचा, माजघरातून आत जायचं आणि थेट चुलीपाशी जाऊन बसायचं. भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी घालणाऱ्या बायांचा उल्लेख चळवळीच्या इतिहासात येतो. ती भाकरी भाजताना त्यांच्या छातीत किती धूर गेला, हे मात्र त्या इतिहासात येत नाही. आजचा विषय तो आहे: घरातली हवा.

या विषयाला निमित्त आहे ते बाजारात आलेल्या एका यंत्राचं. पुण्या-मुंबईच्या, त्याहून जास्त दिल्लीच्या घरांत हवा गाळणारं यंत्र आता दिसू लागलंय. ‘घरातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वाईट असू शकते’, हे वाक्य त्याच्या जाहिरातींत नवा शोध लागल्यासारखं येतं. चुलीपुढे पन्नास वर्षं काढलेल्या कुठल्याही आजीला ते ऐकवलं, तर ती हसेल. तिला हे ठाऊकच होतं. प्रश्न असा आहे की तिला ठाऊक असलेली गोष्ट बाकीच्यांना ‘ज्ञान’ वाटायला इतकी वर्षं का लागली? आणि ती ज्ञान ठरेपर्यंत ज्या ज्या गोष्टी करून पाहिल्या, त्यांचं काय झालं?

आधी घर पाहू. जुन्या सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जिथं पाऊस कमी, तिथं धाब्याची घरं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर माती. पश्चिमेला सरकलं की कौलं किंवा गवती छप्पर. धाब्याच्या घरात खिडकी हा प्रकार जवळजवळ नाहीच. चोरापासून, उन्हापासून, थंडीपासून बचाव हा भिंतीचा धर्म. मग उजेड कुठून यायचा आणि धूर कुठून जायचा? त्यासाठी धाब्याला वर एक भोक ठेवलेलं असायचं. कुणी त्याला सवणं म्हणतं, कुणी सानं. सकाळी त्यातून उन्हाची एक तिरीप खाली उतरायची, त्या तिरिपीत धूर वळवळताना दिसायचा. पावसाळ्यात सवणं झाकायचं, म्हणजे धुराचा तो एकुलता एक मार्गही बंद. ओलं जळण, बंद सवणं आणि आत रांधणारी बाई. पावसाळ्याचे चार महिने हे असं चालायचं.

कौलारू घरात थोडी बरी स्थिती. कौलांच्या फटींतून धूर झिरपतो. आजही लांबून पाहिलं तर सकाळी सगळं छप्पर वाफाळल्यासारखं दिसतं. पण झिरपण्याआधी तो खोलीभर फिरतो, हे विसरायचं नाही.

जळण काय होतं? इकडे सरपणापेक्षा ‘जळण’ हाच शब्द. शेणी, तुरकाठ्या, पऱ्हाट्या, जोंधळ्याची धसकटं, बाभळीचा फाटा आणि ऊस वाढला तसं पाचट आणि चिपाडं. चांगलं लाकूड विकायला किंवा लग्नकार्याला. रोजच्या चुलीत जे जायचं, ते शेतातलं उरलंसुरलं, म्हणजे सर्वांत जास्त धूर करणारं. पाचट तर भस्सकन पेटतं आणि भस्सकन विझतं. त्याच्यापुढून उठताच येत नाही, सतत सारत राहावं लागतं. आणि विझलं की फुंकणी. फुंकणी मारताना तोंड चुलीच्या तोंडाशी आणि फुंकून झालं की श्वास आत घ्यायचा, तोही तिथलाच. आम्हाला वाटतं, या भागातल्या घरातल्या हवेवर एकच वस्तू संग्रहालयात ठेवायची झाली, तर ती फुंकणी ठेवावी.

धुराची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण जुन्या माणसांना अडाणी ठरवून मोकळे होऊ. धुरानं तुळया टिकतात, कीड लागत नाही. चुलीवर टांगलेली बियाण्याची मक्याची कणसं पुढच्या हंगामापर्यंत शाबूत राहतात. डास हटतात. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी, बाळाला वावडिंग-ओव्याची धुरी हे सगळं काळजीपोटीच. दारं-खिडक्या लावून, फटीत चिंध्या कोंबून, मायेनं केलेला धूर. म्हणजे धूर हा शत्रू आहे असं कुणी मानतच नव्हतं. तो घरातला एक सदस्य होता, थोडा तापट.

आता बाहेरून कोण काय पाहत होतं ते बघू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी पथकं घरोघर शिरली. चुन्याची सफेदी, जंतुनाशकाचा फवारा, सामान उन्हात टाकणं आणि कित्येक ठिकाणी कौलं काढून किंवा भोकं पाडून उजेड-वारा आत घेणं. तेव्हाच्या आरोग्यशास्त्राच्या डोक्यात ‘दूषित हवा’ होती ती कुबट, सडकी, दाट वस्तीची हवा. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता, हिंदुस्थानातल्या गावांच्या स्वच्छतेवर त्यांनी बरंच लिहिलं. त्या सगळ्या वादात भर आहे तो मैला, पाणी, निचरा आणि खेळती हवा यांवर. चुलीचा धूर त्या यादीत मागे पडला. त्याला दुर्गंधी नव्हती ना!

कुंडलच्या आसपासच याचा एक फार बोलका नमुना आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचं मोठं रुग्णालय उभं केलं आणि पुढे मिरज-सांगलीच्या मधे वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं. क्षयावर औषध नव्हतं तो हा काळ. तेव्हा मोकळी हवा हेच औषध. रोग्याला व्हरांड्यात झोपवायचं, चांगलं खाऊ घालायचं, वारा घेऊ द्यायचा. जगभरच्या आरोग्यधामांत हीच रीत. आता विचार करा, एखादी बाई काही महिने त्या व्हरांड्यात काढून बरी होऊन घरी येते. कुठं येते? सवण्याखालच्या चुलीपुढे. रुग्णालयानं हवेचं महत्त्व ओळखलं होतं, पण ती हवा रुग्णालयाच्या आवाराबाहेर जात नव्हती. चुलीच्या धुराचा आणि क्षयाचा संबंध पुढे संशोधकांनी तपासायला घेतला, तोवर क्षयावर गोळ्या येऊन कित्येक वर्षं झाली होती.

याच टापूत दुसरी एक गोष्ट घडत होती. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला. त्याची किर्लोस्करवाडी झाली, पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळालं. लोखंडी नांगर निघाले, उसाचे चरक निघाले. चरकांमुळे गुऱ्हाळं सोपी झाली. गुऱ्हाळाचं चुलवण पाहिलंय ना तुम्ही? जमिनीत खोल खड्डा, वर काहील, मागे धूर जायला उंच धुराडं. म्हणजे धुराला नळीतून वर न्यायचं तंत्र गावाला पूर्ण माहीत होतं! गुळवे ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. धुराडं नीट नसेल तर जाळ ओढत नाही, जाळ ओढला नाही तर रस वेळेत आटत नाही, गूळ काळा पडतो, आणि काळ्या गुळाला पेठेत भाव नाही. चुलवणाला धुराडं आलं ते गुळाच्या भावासाठी. घरच्या चुलीवरच्या भाकरीला भाव नव्हता. म्हणून तिथं ते आलं नाही. आमच्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथं आहे: तंत्र नव्हतं असं नाही, ते आत आणायला कारण नव्हतं.

किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. बाईच्या शिक्षणाबद्दल, तिच्या लग्नाबद्दल, तिच्या मनाबद्दल मराठीत मोकळेपणी बोलायला या माळरानावरून सुरुवात झाली, हे मोठंच काम. तरी ‘चूल आणि मूल’ या जोडीतून बाईला बाहेर काढा, हा तेव्हाच्या सुधारणेचा सूर. चुलीतून बाई बाहेर येईल, ही कल्पना होती. चूलच बदलावी, हा विचार वेगळ्या मंडळींनी केला.

ती मंडळी वर्ध्याची. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार, ठिकाण मगनवाडी. तिथं घाणी, कागद, दिवा, मध असे नाना प्रयोग चालत. त्यांतूनच स्वातंत्र्याच्या आगेमागे मगन चूल पुढे आली: मातीचीच, पण लांबट, एका जाळावर दोन-तीन भांडी चढतील अशी, आणि शेवटी धुराडं. १९५३ साली हैदराबादच्या एस. पी. राजूंनी कोट्यवधींसाठी धूरमुक्त स्वयंपाकघर, अशा आशयाचं पुस्तक काढलं आणि त्यांची चूल ‘हैदराबाद चूल’ म्हणून प्रसिद्ध झाली. दोघांचंही तत्त्व गुऱ्हाळाच्या चुलवणाचंच. फरक एवढा की आता भाव गुळाचा नव्हता, बाईच्या डोळ्यांचा होता.

डोळ्यांचाच म्हणायचं, कारण अजून कुणी फुप्फुसाबद्दल बोलत नव्हतं. ते बोलणं सुरू झालं दिल्लीत. डॉ. एस. पद्मावती या हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे उजव्या बाजूचं हृदय निकामी होत चाललेल्या बायका येत. फुप्फुस खराब झालं की हृदयावर जो ताण येतो, त्याचा हा आजार. पाश्चात्त्य पुस्तकांत तो सिगारेट ओढणाऱ्या, उतारवयाच्या पुरुषांचा. इथं मात्र विडीला कधी हात न लावलेल्या बायका येत होत्या आणि त्याही तुलनेनं लहान वयात. १९५९ साली त्यांनी सहकाऱ्यासह १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे संशय धरला तो चुलीच्या धुरावर. हे साल लक्षात ठेवा. यानंतर या धुराची मोजणी व्हायला दोन तपं लागली.

मोजणी केली कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानं, अहमदाबादच्या सहकाऱ्यांबरोबर, गुजरातेतल्या खेड्यांत. युक्ती साधी होती. यंत्र खोलीच्या कोपऱ्यात न ठेवता रांधणाऱ्या बाईच्या अंगावर लावायचं. १९८३ साली निबंध आला. स्वयंपाकाच्या वेळी हवेतले कण घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. सगळे लहानमोठे कण धरून हा आकडा आहे, आजच्या पीएम २.५ शी तो जसाच्या तसा ताडता येत नाही. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्याकडे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. आणि गंमत पाहा, आपला हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा. त्याचा रोख कारखान्यांच्या धुराड्यांवर आणि मोटारींवर. देशातला सर्वांत दाट धूर तेव्हा ज्या खोलीत होता, तिथं जायला कायद्याला दारच नव्हतं.

सरकारनं दार शोधलं ते वेगळ्या वाटेनं, जंगलतोडीच्या काळजीतून. १९८३ नंतर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मुख्य उद्देश लाकूड वाचवणं, धूर दुसऱ्या क्रमांकावर. २००२ साली तो बंद होईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या, असा सरकारी हिशेब. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती चूल आली असेल: सिमेंटच्या नळीचं धुराडं, अनुदान, फॉर्मवर सही. आणि दोन-तीन वर्षांनी ती कुठं गेली तेही आठवत असेल.

ती का गेली? यावर ‘लोकांची मानसिकता’ हे उत्तर फार ऐकू येतं. आम्हाला ते पटत नाही. धाब्यातून नळी वर काढली की पावसात तिथून गळतं. मग घरचा कर्ता म्हणतो, धूर परवडला पण गळती नको. नळीत काजळी साठते, ती दर महिना-दोन महिन्यांनी काढायला कुणी वर चढायचं? बाईनं नाही, आणि पुरुषाला ते आपलं काम वाटत नाही. नळी तुंबली की साध्या चुलीपेक्षा जास्त धूर आत. आणि भाकरी! तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून फुगवायची, ही इकडची रीत. त्यासाठी चुलीचं तोंड मोठं आणि मोकळं लागतं. कार्यक्षमतेसाठी तोंड लहान केलं की भाकरी बसते. ज्या चुलीवर भाकरी फुगत नाही, ती चूल सातारा-सांगलीत टिकेल कशी? ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण सगळीकडे सारखंच असतं अशा अर्थानं वापरतो. चुलींच्या बाबतीत मात्र ती खरी नाही. प्रत्येक घरची चूल त्या घरच्या भांड्यांच्या आणि भाकरीच्या मापाची असते.

हे ज्यांना उमगलं, त्यांत पुण्याची ‘आरती’ ही संस्था येते, डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांची. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला तिचं काम होतं. त्यांनी चुलीचे साचे काढले, कुंभारांना आणि गवंड्यांना ते शिकवले, म्हणजे माप चुकणार नाही आणि बिघडली तर गावातच दुरुस्त होईल. त्यांचं दुसरं काम उसाच्या पट्ट्यासाठी जास्त महत्त्वाचं: पाचटाचा कोळसा. ऊस तुटून गेला की फडात पाचटाचा थर उरतो, शेतकरी तो पेटवून देतो, संध्याकाळी सगळा शिवार धुरकट. तेच पाचट बंद भट्टीत भाजून, कोळशाच्या कांड्या करून, घरच्या शेगडीत वापरायच्या. या कामाला २००२ सालचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. फलटणलाच बी. व्ही. निंबकरांच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी घरगुती इंधनावर आणि दिव्यांवर काम करत होते. म्हणजे आपल्या दाराशी विचार कमी नव्हता.

मग यश का मिळालं नाही? एक धडा सांगतो. एका मोठ्या तेल कंपनीनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची शेगडी काढली. शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर ती चाले, धूर जवळजवळ नाही. महाराष्ट्र-कर्नाटकात ती हजारोंनी खपली, एकूण खप चार लाखांच्या घरात गेला, पुढे पुण्याच्या कंपनीनं धंदा हाती घेतला. शेगडी चांगलीच होती. पण गोळ्या महाग झाल्या. त्याच काडीकचऱ्याला कारखान्यांच्या बॉयलरकडूनही मागणी होती. बहुतेक घरांनी शेगडी फळीवर ठेवून दिली. चिपाडं एकदा बाजारात गेली की ती बाईच्या चुलीसाठी थांबत नाहीत.

गोबरगॅसचंही सांगायला हवं. घरगुती बायोगॅसची सर्वाधिक संयंत्रं ज्या राज्यात बांधली गेली, ते आपलं महाराष्ट्र. निळी ज्योत, धूर नाही, खत वर. पण त्यासाठी दावणीला तीन-चार जनावरं हवीत, परड्यात जागा हवी, पाणी हवं. ज्याच्याकडे हे आहे, त्याच्याकडे बाकीचंही असतं. ऊसतोडीला आलेल्या कोपीत गोबरगॅस येत नाही. बीड-उस्मानाबादकडून टोळ्या येतात, पाचटाच्याच कोप्या घालतात, पुढे तीन दगडांची चूल मांडतात. वर्षातले पाच-सहा महिने त्या बाया कुठल्या हवेत राहतात, याचा हिशेब कुठल्याच गावाच्या आकड्यात धड येत नाही, त्यांच्याही नाही आणि आपल्याही नाही.

आता गॅस. पुण्या-मुंबईत जुनी माणसं अजून ‘बर्शन’ म्हणतात, एका जुन्या कंपनीच्या नावावरून. गावात सिलिंडर आला तो आधी नोकरदारांकडे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत, आपल्याच राज्यात दिली गेली. चुलींच्या सगळ्या इतिहासात एवढ्या थोड्या वेळात एवढं काही घडलं नव्हतं, हे मोकळेपणी मान्य करायला हवं. पण जोडणी वेगळी आणि भरलेली टाकी वेगळी. उज्ज्वलाच्या घरांत २०२३-२४ पर्यंत वर्षाला सरासरी तीन-चार टाक्या भरल्या जात होत्या, असं सरकारी आकडेच सांगतात. पाच माणसांच्या घराला पुरत्या स्वयंपाकासाठी त्याच्या दुप्पट तरी लागतात. उरलेला स्वयंपाक कशावर होतो? परड्यातल्या पत्र्याच्या छपरीत. गॅसवर चहा, भाजी, पाहुणा आला तर पोहे. चुलीवर भाकरी, जनावरांचं शिजवण आणि आंघोळीचं पाणी. बंबातलं किंवा हंड्यातलं आंघोळीचं पाणी हा तर घरातला सर्वांत दुर्लक्षित धूर. पहाटे प्रत्येक परड्यातून तो उठतो आणि थंडीत गावावरच बसून राहतो. घरातून बाहेर काढलेला धूर गावाचा झाला, एवढंच. देशातल्या बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांपैकी पाव हिस्सा, काही अंदाजांनुसार त्याहून जास्त, घरगुती जळणातून येतो.

तेव्हा कुठं आपण फिल्टरपाशी पोचतो. ही वस्तू आली कुठून? आज ज्याला ‘हेपा’ म्हणतात तो फिल्टर दुसऱ्या महायुद्धातला, अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातला. किरणोत्सारी कण कारखान्याच्या हवेतून बाहेर जाऊ नयेत म्हणून केलेला. पुढे तो प्रयोगशाळांत आणि शस्त्रक्रियागृहांत गेला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवायचे, ही त्याची कसोटी. घरगुती फिल्टरचं मूळ त्याहून गोड आहे. १९६३ साली जर्मनीत हॅमेस नावाच्या दोन भावांनी घर तापवायच्या कोळशाच्या शेगडीच्या तोंडावर लोहचुंबकानं बसणारी गाळणी काढली. कशासाठी? भिंतीवर काजळी धरू नये म्हणून! म्हणजे आपल्याकडे दिवाळीला बाया पोतेरं घेऊन ज्या काजळीशी झुंजतात, तीच काजळी. त्यांच्याकडे तिच्यावर यंत्र निघालं, कारण भिंत रंगवायला मजुरी पडत होती. इथं पोतेरं घालणाऱ्या हाताला मजुरी नव्हती.

हे यंत्र कुंडलच्या चुलीपाशी ठेवलं तर? आपण गणित करू, ढोबळ आकडे धरून. दहा बाय बारा फुटांची खोली, दहा फूट उंच: सुमारे ३४ घनमीटर. फटींतून तासाला वीस वेळा हवा बदलते असं धरू, म्हणजे ६८० घनमीटर. चुलीत तासाला एक किलो जळण आणि त्यातून दोन ग्रॅम सूक्ष्म कण. हा अंदाज कमीतकमीच धरलाय, ओल्या जळणाला तो थोडा पडेल. खोलीतली पातळी येते जवळपास २,९०० मायक्रोग्रॅम. आता तासाला ३०० घनमीटर हवा गाळणारं चांगलं यंत्र लावू. पातळी उतरते २,००० च्या आसपास. मर्यादा आठवतेय ना? ६०. तिथवर यायला अशी शंभराहून जास्त यंत्रं एका स्वयंपाकघरात लावावी लागतील. शिवाय काजळीनं जाळी काही दिवसांत तुंबेल, आणि कार्बन मोनॉक्साइडला ती मुळीच अडवत नाही. तीच खोली, तेच गणित, फक्त चुलीऐवजी गॅस ठेवा. यंत्राची गरजच उरत नाही.

याचा अर्थ फिल्टर वाईट, असं आम्ही म्हणत नाही. दिल्लीत नोव्हेंबरमध्ये दम्याच्या मुलाच्या खोलीत तो लावावाच. बाहेरून आलेला धूर, बंद खोली, आत धूर करणारं काही नाही, अशा जागी तो उत्तम काम करतो. पण पुण्यात असंही घर सापडतं, जिथं हॉलमध्ये फिल्टर घरघरतोय आणि झोपायच्या खोलीत डासांची कॉइल जळतेय. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी हे कानीकपाळी ओरडून सांगत आलेत. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी पीटर बार्न्स यांच्यासह लिहिलं, की धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसांचा दीर्घकालीन अडथळ्याचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि जगात सिगारेट ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर चुलीच्या धुरात राहणारे तीनशे कोटी. डॉ. पद्मावतींच्या निबंधाला तेव्हा बरोबर पन्नास वर्षं झाली होती.

गावातली नवी घरंही पाहा. धाबं गेलं, स्लॅब आला. सवणं गेलं, सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. बाहेर धूळ आणि डास म्हणून त्या बंदच. चूल छपरीत गेली हे चांगलं झालं, पण पावसाळ्यात, आजारपणात, टाकी संपली की ती आत येते, आणि आता वर भोक नाही. जुन्या घरात धुराची सोय वाईट होती पण होती. नव्या घराच्या नकाशात ती धरलेलीच नाही, कारण नकाशा काढणाऱ्यानं गृहीत धरलंय की या घरात बाराही महिने गॅसच जळणार. घरकुलाच्या नकाशात स्वयंपाकघराच्या भिंतीला वर एक झरोका ठेवायला किती खर्च येतो, हे गवंड्याला विचारून बघा.

हवा मोजायचंही तसंच. २०१५ साली हवा गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक आला, आता मोबाइलवर रोज आकडा दिसतो. तो चौकातल्या, गच्चीवरच्या यंत्राचा आकडा असतो. बाईच्या अंगावर यंत्र लावून मोजणारे कर्क स्मिथ २०२० साली गेले, आणि त्याच वर्षी १०३ वर्षांच्या पद्मावतीबाईही. आता काही हजार रुपयांत हातात मावणारं मोजमापाचं यंत्र मिळतं. गावातल्या हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांनी मनावर घेतलं तर डिसेंबरातल्या एका पहाटे, पाच ते आठ, वीस परड्यांत आणि वीस स्वयंपाकघरांत मोजणी होऊ शकते. ऊसतोडीच्या कोप्याही त्यात धराव्यात. आमच्याकडे अशी दोन यंत्रं आहेत. ज्यांना न्यायची असतील, त्यांनी सभा संपल्यावर नाव देऊन जावं. प्रश्न असतील तर आता घेऊ.